धोंडूदादा कौलावरून उठला

तारकर्ली,
२४ नोव्हेंबर १९८३

ती. अक्का,

पुढचा मायना सातवीत पाठ होता, आता आठवत नाही. म्हणून सरळ नमस्कार.

पोचलो. खरं तर परवाच पोचलो असतो, पण मालवण बंदरात एक गलबत कुशीवर पाडून डांबर लावत होते, ते बघत उभा राहिलो. त्यातला एकजण ओळखीचा निघाला. विजयदुर्गला आम्ही दोघं पालथ्या होडीखाली झोपायचो. मग त्याच्याकडे मुक्काम झाला. ओरडू नकोस. तू ज्या कामाला पाठवलंस ते लक्षात आहे. कावेरीला माझी सवय करायची, तिच्या बापाला, धोंडूदादाला गोडीत घ्यायचं आणि नाताळच्या आत पोरीला एस.टी.त बसवून तुझ्याकडे आणायचं. भावजींच्या दुकानातली माझी जागा त्याच्यावर अवलंबून आहे, तेही लक्षात आहे.

दादाला म्हटलं, "सहज इलंय."

तो म्हणाला, "तू सहज येतंस आणि सहज जातंस. पेज जेवतलंस?"

तू विचारलंस ते सगळं लिहितो. घर स्वच्छ आहे, पण रिकामं. दादाने बोटीवरच्या नोकरीतून आणलेला टेपरेकॉर्डर विकला गेला, जपानी घड्याळ गेलं, जानकीवहिनीच्या मागे राहिलेल्या त्या सुळसुळीत साड्यासुद्धा गेल्या. एक ठेवली आहे, ती कावेरी पांघरते. परदेशी साबणाच्या डब्यात आता मीठ असतं. चूल दिवसातून एकदाच पेटते, तेव्हाच दोन्ही वेळचं होतं. चहा गुळाचा, दूध नाही. दिवा जेवण होईपर्यंतच. माडाच्या झावळ्यांचे हीर काढून दादा केरसुण्या बांधतो आणि मालवणच्या बाजारात देऊन येतो. आणि सगळीकडे कावेरी त्याच्या खांद्यावर.

पोर बारीक आहे, हे खरं. पण पाय घट्ट आहेत. वाळूत माझ्या पुढे पळते. मला अजून नाव ठेवलेलं नाही, "ह्यो" म्हणते.

सवय व्हायला थोडे दिवस लागतील.

गुरुदास

तारकर्ली,
९ डिसेंबर १९८३

अक्का,

तुझं पत्र मिळालं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रागावलेली आहेस. "हा दरिद्री हट्ट आहे, आणि तो पोरीच्या जिवावर चालला आहे," हे तुझं वाक्य मी दादाला वाचून दाखवलं नाही. तुम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाही आणि मधल्या मधे मी पोस्टमन झालोय.

उशीर का झाला विचारतेस. कावेरीचं अंग जरा कढत होतं. आता बरी आहे. त्याबद्दल एवढंच.

दादा काम करत नाही असं भावजी म्हणतात, ते तेवढं खरं नाही. तो रापणीला जातो. मी पहिल्यांदाच नीट बघितली. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा वेढा घालते, जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंना माणसं दोर ओढत राहतात. पगार नाही. दोराला ज्याचा हात, त्याला वाटा. जाळं वाळूवर आलं की रापणीचा म्होरक्या बाबली तांडेल माशांचे ढीग करतो. पण शेवटपर्यंत दोर सोडायचा नाही, हा नियम. दादाला शेवटपर्यंत जमत नाही. पोर भुकेली झाली की तो दोर दुसऱ्याच्या हातात देऊन उठतो. म्हणून बाबलीने त्याला अर्धा वाटा ठरवलाय. त्यातले थोडे मासे सुकतात, थोडे देऊन वरच्या वाडीतून तांदूळ येतात. एवढ्यावर तिघं जेवतो. तिसरा मी.

लोक त्याला "धोंडूआवस" म्हणतात. आवस म्हणजे आई. धोंडू नव्हे, कुणाची तरी आई. परवा एकाने दोरावरूनच विचारलं, "काय गे आवशी, आज काय रांधलंस?"

दादा म्हणाला, "कुळथाची पिठी. तुझ्या बायलेक इचार, कालच माझ्याकडसून शिकान गेली."

सगळे एवढे हसले की दोर ढिला पडला आणि बाबलीच्या शिव्या बसल्या. मीही हसलो. पण नंतर बघितलं, दादा हसत नव्हता. दोर ओढताना त्याचे दात आवळलेले होते.

नाताळच्या आत होणार नाही. जत्रा होऊन जाऊ दे. जत्रेत नाटकवाले येतील, त्यांच्या पेट्या उचलत मी एक अख्खा मोसम हिंडलो होतो. ती माणसं भेटली तर बरं वाटेल. हे कारण नव्हे, आपलं लिहिलं.

गुरुदास

तारकर्ली,
२८ डिसेंबर १९८३

अक्का,

शेजारची रुक्मिणकाकी लेकीकडे मुंबईला आली आणि तुला सगळं सांगून गेली, हे कळलं. होय. जरा कढत नव्हतं. ताप होता, आणि चांगला होता. पोर डोळे उघडत नव्हती. दादा तिच्या उशाशी बसून राहिला, दोरावर गेला नाही, म्हणून घरात वाटा आला नाही आणि शेवटी शेवटी आम्ही नुसती पेजेवरची निवळ प्यायलो. तू पाठवलेलं गाडीभाडं घेऊन मी मालवणहून डॉक्टर आणला. ते भाडं आता नाही. तुला लिहिलं नाही, कारण तू हेच म्हणाली असतीस, जे आता म्हणते आहेस.

तुझं काही खोटं नाही. तुझ्या घरी दूध आहे, जूनला शाळा आहे, दारात डॉक्टर आहे. तू तिच्यासाठी खिडकीजवळ खाट घातलीस, हे काकीने इथे येऊन सांगितलं, तेव्हा दादा बराच वेळ अंगणात उभा होता.

मी त्याला एकदा विचारलंच. केरसुणी बांधत होता. म्हटलं, दादा, बोटीवर चांगलं होतं की तुझं. वर्षभर जायचं, येताना पेटी भरून आणायची. पोर अक्काकडे राजकन्येसारखी राहील.

मान वर न करता म्हणाला, "जानकी गेल्याची तार माका बंदर लागल्यार गावली. तवसर तिचो बारावो होवन गेललो. हयसर इलंय, तर काकीन माझ्या चेडवाक, कावेरीक म्हटल्यान, पाव्हण्याक नमस्कार कर. चेडू इला आणि माझ्या पायां पडला." हीर घट्ट आवळून गाठ मारली. "पाव्हणो म्हणान मी आता परत पायां पडान घेवचंय नाय."

मी त्या वेळी कुठे होतो, आठवायचा प्रयत्न केला. देवगडला आंब्याच्या पेट्या ठोकत असेन, नाहीतर शिरोड्याच्या मिठागरात. मला तर तारही पाठवता आली नसती कुणाला.

भावजींनी दादासाठी लावून दिलेल्या बोटीवरच्या नोकरीची तार काल आली. जानेवारी संपायच्या आत मुंबईत हजर व्हायचं, नाहीतर नाव यादीत खाली जाईल आणि मग पुन्हा कधी वर येईल सांगता येत नाही. दादाने ती दोनदा वाचली. म्हणाला, "भावजींका लिही, उपकार झाले. माझो नंबर दुसऱ्या कोणाक देवा."

आता तू लिहितेस, देवाला कौल लावा. कौल उजवा झाला तर कावेरी तुझ्याकडे येईल, डावा झाला तर तू हा विषय पुन्हा काढणार नाहीस. दादाला वाचून दाखवलं. तो हीर सोलत राहिला. पण बाबली तांडेल बसला होता, तो म्हणाला, "ह्या बरा. घरातल्या भांडणाक देवाएवढो पंच खंय गावतलो?" मग रुक्मिणकाकी म्हणाली, मग आणखी दोघं म्हणाले. इथे होडी पाण्यात लोटायलासुद्धा कौल लागतो. सगळ्यांसमोर नाही म्हणायची सोय राहिली नाही.

दादा म्हणाला, "लाव मगे."

जत्रेनंतरच्या सोमवारी ठरलंय.

गुरुदास

तारकर्ली,
१० जानेवारी १९८४

अक्का,

काल कौल झाला. मधे बोलू नकोस, मला क्रमाने लिहू दे, नाहीतर मी भलतीकडे जातो.

तुला मुंबईत राहून विसरायला झालं असेल. गंगाराम गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवतो आणि देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना चिकटवतो. जी आधी खाली पडेल ते देवाचं म्हणणं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पडेपर्यंत सगळ्यांनी बसायचं. विचारणाऱ्याने तर हलायचंही नाही.

आम्ही सकाळी उपाशीच गेलो. देवळात बाबली होता, रापणीतली बरीच माणसं होती, काकी होती. गंगाराम हात जोडून उभा राहिला आणि गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा, तुझा लेकरू ह्यो धोंडू आज तुझ्या पायांकडे उभो आसा. तेचा चेडू मुंबईक आत्तेकडे जावचा काय नाय, ता तू सांग. जावचा असात तर उजवो दी, जावचा नसात तर डावो दी. आणि कोणाच्या मनात किल्मिष ठेव नको रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" दादाचे ओठ हलले, आवाज आला नाही.

मग वाट बघणं. एकही पाकळी पडेना. एक जास्वंदीची डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही गोंदाने लावल्यासारख्या. समईच्या ज्योतीकडे बघितलं, ती सरळ. वारा नाही. मी मनात म्हणत होतो, डावी पड. मग भावजींचं दुकान आठवलं आणि तेवढ्यापुरता थांबलो. हे तुला लिहायला नको होतं, पण लिहिलं.

ऊन पायरीवर आलं. कावेरी दादाच्या मांडीवर होती. ती म्हणाली, "बाबा, पेज."

दादा म्हणाला, "थांब गो बाय."

काकीने खोबऱ्याचा तुकडा दिला. तिने खाल्ला. परत, "बाबा, पेज." तापातून उठल्यापासून तिला भूक आवरत नाही, भूक लागली की थरथरते. मी म्हटलं, मी नेतो घरी. हात पुढे केला. ती त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडायला लागली. देवळात तिचं रडणं फार मोठं वाटत होतं. गंगारामने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, आवाज चढवून. पाकळ्या तशाच.

आणि दादा उठला.

"धोंडू, बस," गंगाराम म्हणाला. "कौल लागललो आसा. उठाचा नाय."

"देव थांबात," दादा म्हणाला. "ह्या चेडवाची भूक थांबाची नाय."

"अरे, पाकळी पडूची आसा!"

"ती पडात तेवां पडात. मी ह्याका जेवक घालून येतंय."

आणि गेला. पोरीला खांद्यावर टाकून, भर उन्हात, देवळाच्या पायऱ्या उतरून. माझ्या आठवणीत कौलावरून कोणी उठलेलं नाही. माणसं वेड्यासारखी एकमेकांकडे बघत राहिली. बाबलीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

तो चिंचेच्या वळणाला दिसेनासा झाला असेल नसेल, तोवर पाकळी पडली.

उजवी.

मी जवळ बसलो होतो, मी बघितली. काकी पुटपुटली, "उठलो म्हणानच." गंगारामने ती पाकळी उचललीसुद्धा नाही. तिथेच पडू दिली.

मी धावत घरी आलो. दादा चुलीपुढे होता. पेज ताटलीत काढून फुंकर घालत होता.

"दादा, उजवो पडलो."

"उजवो?"

"उजवो. सगळ्यांनी बघितल्यांनी."

त्याने पोरीला घास दिला. मग दुसरा दिला. मग म्हणाला, "देवान सांगल्यान ता खोटा म्हणाचंय नाय. चूक माझी. माका इचारूकच नको होता. पोराक जेवक घालूचा काय नाय, असो कौल खंयची आवस लावता?"

अक्का, तुझ्या बाजूने लागलाय. मी खोटं लिहू शकलो असतो. लिहिणार होतो. पण काकी परत मुंबईला येणार आहेच.

गुरुदास

तारकर्ली,
१९ जानेवारी १९८४

अक्का,

"शनिवारी येते. पोरीची तयारी ठेव." तुझी तार मिळाली. ठेवलेली नाही. का ते लिहितो. हे पत्र तू निघायच्या आधी पोचलं तर बरं, नाही पोचलं तर समोर उभं राहून हेच सांगेन. पण समोर मला नीट बोलता येत नाही.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा नेहमीसारखा किनाऱ्यावर गेला. दोराला हात घालायला वाकला, तर बाबली आडवा आला. रागाने नव्हे. त्याचाच चेहरा रडवेला होता.

"धोंडू, वायट वाटान घेव नको. पण माझ्या माणसांक भय वाटता. कौल मोडलल्याचो हात दोराक लागलो आणि जाळा रिकामा इला, तर माका कोण सोडात?"

दादाने हात मागे घेतला. "बरोबर आसा तुझा," म्हणाला. कावेरीला घेऊन ओंडक्यावर जाऊन बसला. त्या दिवशी वाटा नाही, दुसऱ्या दिवशी नाही. केरसुण्या विकून मीठ-मिरची येते, तांदूळ येत नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पेटीतून त्याची बोटीवरची कागदपत्रं काढली आणि मांडीवर ठेवून बसला. उघडली नाहीत. नुसता बसला होता. कावेरी त्याच्या पाठीवर चढून घोडा-घोडा करत होती आणि तो हलत नव्हता.

ते मला बघवलं नाही. मी बाहेर पडलो. खरं सांगतो, निघूनच चाललो होतो. मालवणची गाडी सापडली असती, तर तू मला पुन्हा कुठून तरी शोधून काढलं असतंस. किनाऱ्याने चालत होतो, तर रापण लागलेली. दोन्ही दोर ताणलेले, माणसं मागे मागे येत होती. का कोण जाणे, मी शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन दोर धरला.

बाबली ओरडला, "तू? उद्या तू खंय असशील, ता देवाकय म्हायत नाय!"

सगळे हसले. मी म्हटलं, "उद्याचा उद्या. आज हाकलतंस काय?"

"मगे शेवटापर्यंत ओढ. मधीच सोडलंस तर शेपटीसुद्दा गावाची नाय."

ओढला. तळहाताची साल गेली, खारं पाणी लागून डोळ्यांत पाणी आलं. मधे एकदा खरंच वाटलं, द्यावा कुणाच्या तरी हातात आणि बसावं. पण माझ्या मागे कोणी नव्हतं. जाळं आलं. बांगडे होते, थोडे सौंदाळे. बाबलीने ढीग केले आणि एक पायाने माझ्याकडे सरकवला. पुरा वाटा. दादाला कधी मिळाला नव्हता एवढा.

घरी नेऊन दादापुढे ओतला. त्याने विचारलं, "खंयसून?"

"दोरावरून."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग उठून कागदपत्रं पेटीत टाकली, सुरी घेतली आणि मासे साफ करायला बसला. काही बोलला नाही. चांगलंच केलं. बोलला असता, तर मी काहीतरी विनोद केला असता.

त्यानंतर रोज जातो. किती दिवस जाईन, मला विचारू नकोस. माझे पाय खाजतात. काल एक ट्रक गोव्याकडे जाताना दिसला, तर मी रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मी काही सुधारलेलो नाही. पण मी दोरावर असलो की तो घरी राहू शकतो, एवढा सरळ हिशेब माझ्यासारख्यालाही कळतो. भावजींना सांग, दुकानातली जागा माझ्यासाठी ठेवू नका.

आता शनिवारचं. तू ये. देवाने तुझ्या बाजूने सांगितलंय आणि गावात एकही माणूस तुला अडवणार नाही. दादाही अडवणार नाही. त्याने काल गंगारामकडे जाऊन नारळ ठेवला आणि देवाची माफी मागितली, पण पोरीला पाठवतो असं म्हणाला नाही. तू आलीस की तो तुला पाट देईल, ताट वाढील आणि गप्प बसेल. त्याला ओळखतेस तू.

पण एक लक्षात घे. कावेरी झोपतानासुद्धा त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून झोपते. जाताना ती मूठ कुणीतरी सोडवायला लागेल. देव देवळातून उतरून यायचा नाही. दादा सोडवणार नाही. मला त्याच कामासाठी पाठवलं होतंस, पण आता मीही सोडवणार नाही. अक्का, ती तुलाच सोडवावी लागेल, एकेक बोट करून.

जमेल असं वाटलं तर ये. नाही वाटलं तरी ये, आणि राहा दोन दिवस.

बाबलीची हाक आली. निघतो.

गुरुदास